वडिलांच्या निप्पलखाली गाठ आहे, पुरुषांना ब्रेस्ट कॅन्सर होतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६२ वर्षांचे, डाव्या निप्पलखाली चार-पाच महिन्यांपासून दीडेक सेंटिमीटरची गाठ, दुखत नाही. एका डॉक्टरांनी हात लावून बघितलं, गायनेकोमास्टिया (पुरुषाच्या निप्पलमागचा टिश्यू वाढणं, हा कॅन्सर नव्हे) असेल म्हणाले आणि गोळ्या दिल्या. आत्याला ४५ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. आता दुसऱ्या डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं, सांगितल्यावर घरातले म्हणतायत की सुई लावली की पसरतं, आणि मुळात बाप्याला कुठे असला कॅन्सर होतो. तुम्ही स्वतः ३४ चे, एक बहीण आहे, तर तुमचं दोघांचं काय, हेही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो. होतो, पुरुषांनाही होतो. बायोप्सीने पसरत नाही. आणि बायोप्सी या आठवड्यात करून घ्या, गोळ्यांचा कोर्स संपायची वाट बघू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचलं तरी चालेल. मी ब्रेस्ट सर्जन आहे, बरीच वर्षं हेच काम करतोय, पण ऑनलाइन वाचून गाठ कसली आहे ते मलाही सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही, त्यासाठीच तर ती सुई आहे.

आता पुरुषाला स्तन असतो का इथून सुरू करू, कारण घरातला सगळा वाद तिथेच अडकलेला असतो. मुलगा असो की मुलगी, वयात येईपर्यंत दोघांच्या छातीत निप्पलमागे दुधाच्या नळ्यांचं छोटंसं जाळं सारखंच असतं. मुलींमध्ये पुढे इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे ते वाढतं, त्याला दूध तयार करणाऱ्या गाठोळ्या फुटतात. मुलांमध्ये ते तसंच थांबून राहतं, पण नाहीसं होत नाही, म्हातारपणापर्यंत निप्पलमागे असतंच. कॅन्सर या नळ्यांच्या आतल्या पेशींपासून सुरू होतो. नळ्या आहेत म्हणजे शक्यता आहे, टिश्यू थोडा आहे म्हणून शक्यता कमी आहे, इतकं साधं आहे ते. म्हणूनच पुरुषांमधला जवळपास सगळा ब्रेस्ट कॅन्सर नळ्यांचाच, म्हणजे डक्टल प्रकारचा असतो आणि बायकांमध्ये दिसणारा लोब्युलर, म्हणजे दुधाच्या गाठोळ्यांचा प्रकार पुरुषांत क्वचितच सापडतो.

किती कमी म्हणाल तर सगळ्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये पुरुषांचा वाटा १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. वय साधारण साठी-सत्तरीचं, बायकांपेक्षा पाच-दहा वर्षांनी उशिरा. तरुण पुरुषाला होतच नाही असं नाही, पण माझ्यासमोर येणारे बहुतेक जण आजोबा झालेले असतात.

दुर्मीळ आहे हे खरं, पण या दुर्मीळपणाचाच सगळ्यात जास्त तोटा होतो. खरं तर पुरुषाच्या छातीतली गाठ सापडायला सोपी. चरबी कमी, टिश्यू कमी, गाठ सरळ बोटाला लागते, बाईच्या छातीत एवढीच गाठ कधीकधी मशीनशिवाय कळतही नाही. म्हणजे हिशोबाने पुरुषांचा कॅन्सर लवकर सापडायला हवा. होतं उलटं. पेशंट म्हणतो आंघोळीच्या वेळी हाताला लागत होती पण दुखत नव्हती, बायको म्हणते मी चार वेळा सांगितलं, ओळखीचा कुणीतरी म्हणतो चरबीची गाठ असते, मग एखादा डॉक्टरही हात लावून बघतो आणि वयाचं आहे म्हणतो. आणि पुरुषात जागाच इतकी थोडी असते की गाठ फार मोठी व्हायच्या आधीच वरच्या कातडीला, निप्पलला किंवा खालच्या स्नायूला चिकटते, काखेतल्या गाठींपर्यंत (लिम्फ नोड, त्या प्रत्येकाच्या काखेत असतातच) पोचते. बाईच्या छातीत दोन सेंटिमीटरची गाठ आजूबाजूच्या टिश्यूत बसून असते, पुरुषात तेवढीच गाठ कातडीपाशी आलेली असते. त्यामुळे घालवलेले चार-सहा महिने पुरुषाला जास्त महाग पडतात.

तुमच्या पहिल्या डॉक्टरांना मी लगेच दोष देणार नाही, कारण छातीतल्या गाठीची तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक पुरुषांना खरंच गायनेकोमास्टियाच निघतो. वयात येताना मुलांना होतो, साठीनंतर टेस्टोस्टेरॉन उतरल्यावर होतो, लिव्हर खराब असेल तर होतो, आणि औषधांनी तर भरपूर होतो. स्पिरोनोलॅक्टोन, डिगॉक्सिन, प्रोस्टेटसाठीच्या फिनास्टेराइड-ड्युटास्टेराइडसारख्या गोळ्या, मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन, किटोकोनाझोल, जिममध्ये घेतली जाणारी अॅनाबॉलिक स्टेरॉइड्स. वडील यातलं काही घेत असतील तर यादी करून डॉक्टरांना दाखवा, पण प्लीज स्वतःच्या मनाने हार्टची किंवा बीपीची गोळी बंद करू नका, लोक करतात हे आणि मग वेगळ्याच कारणाने ऍडमिट होतात.

फरक कसा ओळखायचा? गायनेकोमास्टियाची गाठ बहुतेकदा निप्पलच्या बरोब्बर मागे, चकतीसारखी गोल पसरलेली, रबरासारखी लवचिक, दाबली की दुखते आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना थोडीफार असते. कॅन्सरची गाठ एका बाजूला, टणक, कडा वेड्यावाकड्या, निप्पलच्या मध्यापासून थोडी सरकलेली, आणि सहसा दुखत नाही. दुखत नाही म्हणून लोक निवांत राहतात आणि आम्हाला नेमकी न दुखणारी गाठच जास्त खटकते. निप्पल आत ओढलं गेलं असेल, त्यातून रक्त किंवा रक्ताळलेलं पाणी येत असेल, निप्पलवर न भरणारी जखम किंवा खपली धरणारं खाजरं चट्टं असेल, काखेत गाठ लागत असेल, तर मग गायनेकोमास्टियाचा विचार बाजूलाच ठेवायचा. पुरुषाच्या निप्पलमधून रक्त येणं हे कधीच नॉर्मल नसतं. अमेरिकेतली गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी २०१९ मध्ये स्वतःच्या ब्रेस्ट कॅन्सरबद्दल जाहीरपणे सांगितलं, त्यांना सुरुवातीला शर्टावर रक्ताचे छोटे ठिपके दिसत होते, बायकोलाही ते चादरीवर दिसले, आणि ते दुर्लक्ष न करता तपासायला गेले. शर्टावर, बनियनवर डाग दिसला तर धुऊन विसरून जाऊ नका एवढंच.

पण हे सगळे फरक पुस्तकात छान वेगळे दिसतात आणि टेबलावर झोपलेल्या माणसात एकमेकांत मिसळतात. एका बाजूचा गायनेकोमास्टिया असतो, दुखणारा कॅन्सरही असतो, आणि दोन्ही एकाच छातीत असू शकतात. त्यामुळे माझा नियम असा की पन्नाशीच्या पुढचा पुरुष, एकच बाजू, टणक गाठ, वर घरात ब्रेस्ट कॅन्सरचा इतिहास, असं असेल तर नुसत्या हाताने लावलेलं निदान मी मान्य करत नाही, दुसऱ्याचंही नाही आणि माझंही नाही. तुमच्या वडिलांचं वर्णन या चौकटीत जवळजवळ पूर्ण बसतं. आणि हो, गायनेकोमास्टिया म्हणजे कॅन्सरची पहिली पायरी असं धरून रडारड करायचं कारण नाही, मात्र हार्मोन्सचं गणित बिघडवणारी काही कारणं दोन्हीकडे सारखी असू शकतात.

तपासणी तीन भागांत होते. हाताने तपासणं, मग फोटो, मग सुई. फोटोमध्ये या वयाला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि सोबत सोनोग्राफी. पुरुषाची मॅमोग्राफी कशी होणार हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, होते हो, टेक्निशियन थोडं जास्त पुढे ओढून घेतात, मिनिटभर दाब बसतो, संपलं. उलट पुरुषात मागे दाट टिश्यू नसल्यामुळे चित्र पुष्कळदा जास्त स्वच्छ येतं. पंचविशीच्या आतला मुलगा असेल तर आधी सोनोग्राफी, त्याहून मोठा असेल तर मॅमोग्राफी, अशी साधारण पद्धत आहे. काखेची सोनोग्राफी त्याच वेळी करून घ्या, ती राहून जाते आणि मग परत चक्कर.

सुईमध्ये दोन प्रकार. बारीक सुईने पेशी ओढायच्या त्याला एफएनएसी म्हणतात, आणि जरा जाड सुईने टिश्यूचे बारीक तुकडे घ्यायचे ती कोअर बायोप्सी. मागायची ती कोअर बायोप्सी. कारण एफएनएसीत कॅन्सर आहे एवढं कळेल, पण तो नळीतच आहे की बाहेर फुटलाय, त्याच्यावर हार्मोनचे रिसेप्टर (हार्मोन पकडणारे खुंटे) आहेत का, हर-टू हे गाठ वाढवणारं प्रथिन जास्त आहे का, हे सगळं नीट कळायला टिश्यूच लागतो आणि पुढची सगळी ट्रीटमेंट रिपोर्टमधल्या या तीन-चार ओळींवर ठरते. जागा बधिर करून करतात, भरती व्हावं लागत नाही, निळंकाळं पडतं ते आठवड्यात जातं.

आता पसरतं का. सुई जाते त्या वाटेवर काही पेशी सरकलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात हे खरं आहे, लपवत नाही, पण त्यामुळे आजार शरीरभर पसरतो किंवा पेशंटचं आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही. जगभर ब्रेस्टच्या गाठीचं निदान याच पद्धतीने होतं. मग हा समज आला कुठून? माझं मत असं की लोक सुई लावायलाच उशिरा येतात, तोवर आजार आधीच पुढे गेलेला असतो, आणि पुढच्या काही महिन्यांत जे होतं त्याचा दोष शेवटी सुईच्या माथी जातो.

सुईपेक्षा मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. छोटीशी तर गाठ आहे, काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू, असं कुणी म्हटलं तर थांबा. बायोप्सी न करता गाठ कापून काढली आणि रिपोर्ट कॅन्सरचा आला की चीर भलत्या ठिकाणी गेलेली असते, कापलेल्या कडांत कॅन्सर उरलाय का माहीत नसतं, काखेचा विचार झालेला नसतो, आणि दुसरं ऑपरेशन आधीच्या व्रणातून करावं लागतं. हे पुरुषांमध्ये जास्त होतं कारण कुणाच्या मनात कॅन्सर नसतोच, साधी गाठ म्हणून छोट्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढली जाते. आधी सुई, मग प्लॅन, मग चाकू. क्रम बदलू द्यायचा नाही.

समजा रिपोर्ट कॅन्सरचा आला. तर पहिली बरी बातमी अशी की पुरुषांमधले बहुतेक ब्रेस्ट कॅन्सर हार्मोनला दाद देणारे असतात. १९९० ते २०१० या काळातल्या जवळपास दीड हजार पुरुषांचे नमुने एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात परत तपासले गेले, त्यात ९९ टक्के गाठी इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह निघाल्या, हर-टू पॉझिटिव्ह ९ टक्के आणि ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू यातलं काहीच नसलेल्या, १ टक्क्यापेक्षा कमी. बायकांमध्ये रिसेप्टर पॉझिटिव्हचं प्रमाण यापेक्षा बरंच कमी असतं. पुरुषाच्या शरीरात इस्ट्रोजेन कुठून येतं असं विचाराल तर थोडं वृषणातून थेट येतं आणि बरचसं चरबीत, स्नायूत टेस्टोस्टेरॉनपासून तयार होतं, म्हणून जास्त वजन हाही एक धोका धरला जातो.

ऑपरेशन बहुतेक वेळा मॅस्टेक्टॉमीच असतं, म्हणजे निप्पलसकट सगळा टिश्यू काढणं. गाठ निप्पलच्या इतक्या जवळ असते की फक्त गाठ काढून बाकी ठेवण्यासारखं फारसं उरत नाही. लहान गाठ असेल तर काहींना नुसती गाठ काढून पुढे रेडिएशन देता येतं, विचारायला हरकत नाही. काखेत गाठी लागत नसतील तर सगळ्या काढायच्या नसतात, रंग किंवा रेडिओअॅक्टिव्ह द्रव टोचून पहिली एक-दोन गाठ शोधतात, सेंटिनल नोड म्हणतात त्याला, ती स्वच्छ निघाली की काख वाचते आणि हात सुजायचा धोका खूप कमी होतो. हे पुरुषांनाही लागू आहे. बायकांना सेंटिनल आणि पुरुषांना सरसकट पूर्ण काख साफ, असं कुणी सुचवत असेल तर दुसरं मत घ्या. ऑपरेशननंतर खांद्याचे व्यायाम सांगतात ते करायला लावा वडिलांना, पुरुष पेशंट यात फार आळशी, खांदा आखडला की मग येतात.

रेडिएशन म्हणजे शेक लागेल की नाही हे गाठीच्या आकारावर, काखेवर, कडांवर. किमो लागेल की नाही हेही तसंच, स्टेज आणि गाठीच्या स्वभावावर, आणि काही पेशंटमध्ये गाठीच्या २१ जीन्सची टेस्ट करून किमो टाळता येते का बघतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर हर-टूला अडवणारं ट्रास्टुझुमॅब. हे सगळं बायकांच्या ट्रीटमेंटसारखंच आहे, आणि खरं सांगायचं तर बरचसं तिथूनच उचललेलं आहे, कारण ब्रेस्ट कॅन्सरच्या बहुतेक मोठ्या ट्रायल्समध्ये, म्हणजे औषधांच्या चाचण्यांमध्ये, पुरुषांना कित्येक वर्षं घेतलंच नाही. औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये पाल्बोसिक्लिब हे औषध पुढच्या स्टेजच्या पुरुष पेशंटसाठी मंजूर केलं तेव्हा आधार काय घेतला, तर प्रत्यक्ष वापरात ज्या पुरुषांना दिलं गेलं होतं त्यांच्या नोंदींचा. २०२० मध्ये त्यांनी कंपन्यांना सांगितलं की ट्रायलमध्ये पुरुषही घ्या, नुसते कमी सापडतात म्हणून वगळू नका. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं तरी.

खरी लढाई मात्र ऑपरेशननंतर सुरू होते आणि ती इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनची. २० मिलिग्रॅमची रोज एक गोळी, किमान ५ वर्षं, धोका जास्त असेल तर १० वर्षांपर्यंत. दिसायला एवढीशी गोळी, पण आजार परत येण्याची शक्यता कमी करण्यात तिचा वाटा मोठा आहे. आणि पुरुष ती मधेच सोडून देतात. कुणी सांगून सोडतं, बहुतेक जण न सांगता. अंगातून गरम वाफा येतात, वजन वाढतं, चिडचिड, झोप नीट नाही, आणि ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते म्हणजे सेक्सची इच्छा कमी होणं, ताठरता न येणं. साठीच्या माणसाला हे डॉक्टरांना सांगायची लाज वाटते, मुलासमोर तर नाहीच, मग तो गोळी बंद करतो आणि विचारलं की घेतोय म्हणतो. त्यात पाकिटातला कागद वाचला तर सगळं गर्भाशय आणि पाळीबद्दल, माणसाला वाटतं चुकीचं औषध दिलंय की काय. म्हणून मी पहिल्याच दिवशी हे सगळं मोकळेपणाने सांगतो आणि तुम्हालाही सांगतो, वडिलांना डॉक्टरांशी एकट्याने बोलायला पाच मिनिटं मिळू द्या, तुम्ही बाहेर बसा.

त्या त्रासावर उपाय असतात. गरम वाफांसाठी व्हेनलाफॅक्सिनसारखं औषध देता येतं. पण डिप्रेशनवरचं पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन चालू असेल तर आवर्जून सांगा, कारण त्यांच्यामुळे टॅमॉक्सिफेनचं शरीरात कामाच्या रूपात बदलणं अडतं. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, तो पहिल्या दीड वर्षात जास्त, त्यामुळे एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, अचानक दम लागला, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जायचं. आणि अशक्तपणा वाटतो म्हणून कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल सुचवलं तर नाही म्हणा, शरीर त्याचं इस्ट्रोजेन करतं आणि आपण ज्याच्याविरुद्ध गोळी घेतोय त्यालाच खतपाणी मिळतं.

काही जण विचारतात की बायकांना लेट्रोझोल-अॅनास्ट्रोझोल देतात मग पुरुषांना का नाही. देतात, पण एकटं नाही. त्या गोळ्या चरबीतलं इस्ट्रोजेन थांबवतात, वृषणाचं कारखानं चालूच राहतं, त्यामुळे पुरुषात त्यासोबत वृषण शांत करणारं इंजेक्शन द्यावं लागतं. टॅमॉक्सिफेन घेता येत नसेल, म्हणजे आधी गुठळी होऊन गेली असेल वगैरे, तर हा पर्याय. नुसती लेट्रोझोल लिहून दिलेली पुरुषाची चिठ्ठी दिसली तर अवश्य प्रश्न विचारा.

आता आत्या. तुम्ही हे प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलंय आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. लोकांचा समज असा की ब्रेस्ट कॅन्सरची खानेसुमारी आईकडून, आजी, मावशी अशीच करायची. वडिलांची बाजू कुणी विचारतच नाही. पण बीआरसीए-वन आणि बीआरसीए-टू ही जीन्स, ज्यांच्यातला बिघाड ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढवतो, काही फक्त आईकडून येत नाहीत, निम्मी शक्यता वडिलांकडून. पुरुषात विशेष महत्त्वाचं ते बीआरसीए-टू. सर्वसाधारण पुरुषाला आयुष्यभरात ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास, पण बीआरसीए-टू मध्ये बिघाड असेल तर ती शंभरात साधारण ४ ते ७ पर्यंत जाते. बीआरसीए-वन मध्ये वाढते पण इतकी नाही. सीएचईके-टू, पीएएलबी-टू अशी आणखीही जीन्स आहेत. मॅथ्यू नोल्स यांच्यातही बीआरसीए-टू चाच बिघाड सापडला होता. आणि हा बिघाड फक्त छातीपुरता नसतो, प्रोस्टेट आणि पॅन्क्रियाजच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो, तेव्हा काका, आजोबा कशाने गेले तेही विचारून लिहून ठेवा.

म्हणून ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या प्रत्येक पुरुषाची जेनेटिक टेस्ट करायची, घरात दुसरं कुणी असो वा नसो. रक्त किंवा लाळ द्यायची. तुमच्याकडे तर वडिलांची गाठ साधी निघाली तरी विषय संपत नाही, कारण ४५ व्या वर्षी झालेला ब्रेस्ट कॅन्सर हे एकटंच कारण आत्याची टेस्ट करायला पुरेसं आहे. आत्या हयात असतील तर पहिली टेस्ट त्यांची, ज्याला आजार झालाय त्याच्यापासून सुरू केलं की उत्तर स्पष्ट मिळतं. त्यांच्यात बिघाड सापडला तर मग तोच बिघाड वडिलांमध्ये आहे का एवढंच बघायचं. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी तुमचीच टेस्ट केली आणि ती निगेटिव्ह आली, तर त्या निगेटिव्हवर फार विसंबता येत नाही, कारण घरात मुळात काय शोधायचं तेच माहीत नसतं. आत्या नसतील तर वडिलांपासून. रिपोर्टमध्ये कधीकधी अर्थ न ठरलेला बदल असं काहीतरी येतं, त्याला बिघाड समजून कुणी ऑपरेशनचे निर्णय घेऊ नयेत, जेनेटिक काउन्सेलरशी बोलावं.

जीन सोडून आणखी कारणं आहेत. क्लाइनफेल्टर सिंड्रोम, म्हणजे पुरुषात एक एक्स क्रोमोझोम जास्त, त्यात धोका कित्येक पटींनी वाढतो आणि हे बऱ्याच जणांना मूल होत नाही म्हणून तपासणी करेपर्यंत माहीतच नसतं. लिव्हर सिरॉसिस, छातीवर पूर्वी कुठल्या कारणाने घेतलेलं रेडिएशन, वृषणं न उतरणं किंवा त्यांना झालेली इजा. खिशातला मोबाईल, डिओ वगैरे प्रश्न येतात, त्यात काही तथ्य दिसलेलं नाही, सोडून द्या.

बरं होण्याचं काय? स्टेज लवकरची असेल तर चांगलं, बायकांच्या जवळपास. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १८ लाखांहून जास्त पेशंटच्या नोंदींवर एक अभ्यास आला, त्यात सुमारे १६ हजार पुरुष होते, निदानानंतर ५ वर्षांनी हयात असलेले पुरुष ७७.६ टक्के आणि बायका ८६.४ टक्के. आता हा फरक बघून घाबरायच्या आधी लक्षात घ्या की पुरुष वयाने मोठे असतात, त्यांना बाकीचे आजार असतात आणि ते पुढच्या स्टेजला येतात, फरकातला बराचसा भाग याचा. सगळा नाही, पण बराचसा. म्हणजे जो भाग आपल्या हातात आहे तो वेळेचा आणि ट्रीटमेंट पूर्ण करण्याचा. अमेरिकन अभिनेते रिचर्ड राउंडट्री यांना १९९३ मध्ये ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, ऑपरेशन, किमो झालं, त्यानंतर ते तीस वर्षं जगले आणि कामही करत राहिले.

वडिलांच्या मनाचाही थोडा विचार करा. पुरुषाला हा आजार झाला की त्याला कॅन्सरपेक्षा त्याच्या नावाची लाज जास्त वाटते. वेटिंग रूममध्ये सगळ्या बायका, सगळीकडे गुलाबी पोस्टर, फॉर्मवर पाळी कधी थांबली हा कॉलम, नर्स नाव पुकारते तेव्हा बायकोकडे बघते. काही जण नातेवाईकांना छातीतली गाठ एवढंच सांगतात, सांगू देत, कुणाला काय सांगायचं हा त्यांचा हक्क. ऑपरेशननंतर छाती एका बाजूने सपाट आणि निप्पल नसलेली दिसते, काहींना काहीच वाटत नाही, काही जण शर्ट काढून बसणं कायमचं बंद करतात. टॅटूने निप्पल काढून देता येतं, खड्डा चरबी भरून थोडा सुधारता येतो, हे पर्याय पुरुषांना बहुतेक कुणी सांगतच नाही म्हणून इथे लिहिलं.

राहिलं तुमचं आणि बहिणीचं. सध्या तुमच्या छातीत काही लागत नसेल तर लगेच कुठलाही फोटो काढायची गरज नाही. घरात बीआरसीए बिघाड सापडला आणि तुमच्यातही निघाला तर ३५ व्या वर्षापासून स्वतःची छाती हाताने तपासायला शिकायचं आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, पन्नाशीनंतर मॅमोग्राफीचा विचार, आणि बीआरसीए-टू असेल तर चाळिशीपासून प्रोस्टेटची तपासणी. बहिणीचा धोका मात्र तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त, कारण बीआरसीए-टू असलेल्या बाईला ऐंशीपर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात ७० च्या आसपास असते, शिवाय ओव्हरीचा धोका वेगळा. त्यामुळे वडिलांचा आणि आत्यांचा रिपोर्ट तिलाही दाखवा, तिचं लग्न झालेलं असो नसो, आणि बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्यातल्या ईआर, पीआर (हार्मोनचे दोन रिसेप्टर), हर-टू आणि ग्रेडच्या (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) ओळी इथे टाका, पुढचं त्यावरून बोलू.